भास्करभाऊंचं साटंलोटं

भरघोस मिशांचा, सरकारी नोकरीतला, बायकोपोराचा बाप्या पानाच्या टपरीवर उभा राहून चुइंगमची पाकिटं एकेक करून हुंगताना तुम्ही पाहिलाय का? मी पाहिलाय. आमच्या भास्करभाऊंना धुळ्यातल्या त्या टपरीवाल्यानं कधी अडवलं नाही, कारण भाऊ हुंगून झालेलं पाकीट परत ठेवत नसत. सगळी विकत घ्यायचे. आत क्रिकेटवाल्याचं एक कार्ड असायचं आणि एक गुलाबी चुइंगम. कार्ड भाऊंचं, चुइंगम गल्लीतल्या पोरांचं. आमच्या गल्लीतली पोरं दिवसभर म्हशींसारखी रवंथ करायची आणि माझ्या वर्गात येऊन बाकाखाली ते चिकटवायची. मी शाळेत मास्तरीण. मी भाऊंना म्हटलं, "भाऊ, तुमच्या छंदापायी माझ्या बाकांची दैना झाली." तर म्हणतात, "बाई, तुमच्या बाकाला एखादं कार्ड चिकटलेलं दिसलं तर मात्र सांगा हं."

नानांच्या चाळीवजा घरात आम्ही शेजारी होतो. नाना म्हणजे घरमालक, रिटायर्ड तलाठी, त्यांच्याबद्दल पुढे येईलच. भाऊ पाटबंधारे खात्यात कारकून. घरात आई, तिला सगळे अक्का म्हणत, बायको सुमन, आणि मागाहून पाळण्यात आलेली सोनी. भाऊ कधी मोठ्यानं बोलले नाहीत, कुणाशी भांडले नाहीत, आणि त्यांना स्वतःला क्रिकेट खेळता येत नव्हतं. मॅचसुद्धा धड ऐकायचे नाहीत. नानांचा रेडिओ कोकलत असायचा, सगळं अंगण श्वास रोखून बसलेलं, आणि भाऊ आत ओसरीवर एका कार्डाचा कोपरा भिंगातून बघत बसलेले.

एका खेळाच्या पाक्षिकात पत्रमित्रांचं पान यायचं. तिथून त्यांना पत्ते मिळाले. मग पोस्टानं अदलाबदल सुरू झाली. मद्रासचा एक विद्यार्थी, जबलपूरचा एक डॉक्टर, सांगलीचा एक कुणी. आपल्याकडे एकच कार्ड दोनदा आलं की ते 'डबल'. आपला डबल त्याला, त्याचा डबल आपल्याला. कार्ड वाकू नये म्हणून भाऊ दवाखान्यातून जुने एक्स-रे मागून आणायचे, त्यांचे तुकडे कापायचे आणि त्या दोन तुकड्यांत कार्ड ठेवून लिफाफा बंद करायचे. कुणाच्या तरी मोडक्या बरगड्यांच्या मध्ये झोपून आमचा सलामीचा फलंदाज मद्रासला जायचा.

त्यांचे नियम फार कडक. आलेलं कार्ड आधी उजेडात धरायचं. चारी कोपरे बघायचे, मग पाठ बघायची, आणि सगळ्यात शेवटी तोंड. मी एकदा म्हटलं, "काय हो, मुलगी बघायला गेल्यासारखं काय चाललंय?" त्यावर हसले आणि म्हणाले, "मुलगी पाहताना कोणी एवढं पाहतं का, बाई?" आणि दुसरा नियम त्यांच्या तोंडात कायम असायचा: "दिधं ते दिधं." एकदा दिलेलं कार्ड परत मागायचं नाही, आलेलं परत पाठवायचं नाही. मग ते फाटकं निघो, नाहीतर दुमडलेलं.

एकदा तर विलायतेतला एक म्हातारा त्यांच्या गळाला लागला. त्याच्याकडे चहाच्या पुड्यांतून निघालेली फार जुनी कार्डं होती. भाऊंनी त्याला इंग्रजीत पत्र लिहिलं, म्हणजे ऑफिसात एक्झिक्युटिव्ह इंजिनिअरला लिहितात तसं, 'रिस्पेक्टेड सर, आय बेग टू स्टेट' पासून सुरुवात. म्हातारा खूश झाला असावा. त्यानं दोन कार्डं पाठवली आणि सोबत आपल्या कुत्र्याचा फोटो. झाली पंचाईत! आता बदल्यात काय पाठवायचं? यांच्याकडे कुत्रा नव्हता. भाऊ दोन दिवस घोर लावून घेऊन बसले आणि शेवटी नानांचा फोटो पाठवून दिला. नानांना ते कळलं तेव्हा ते गल्लीभर सांगत सुटले की आपला फोटो लंडनला गेला. कुत्र्याच्या बदल्यात गेला, हे आम्ही कुणी त्यांना कधी सांगितलं नाही.

या अदलाबदलीला भाऊ गमतीनं साटंलोटं म्हणायचे. "आज जबलपूरशी साटंलोटं झालं," असं पोस्टमन गेला की ओसरीवरून ओरडायचे. आम्ही हसायचो. सुमन हसायची नाही. भांडी घासत असली तर तिचे हात थोडे थांबायचे आणि पुन्हा चालू व्हायचे.

कारण भाऊंचं स्वतःचं लग्न साटंलोटंच होतं. आमच्याकडे हे असतंच. तुमची मुलगी आमच्या मुलाला, आमची तुमच्या मुलाला, एकाच मांडवात दोन लग्नं, हुंड्याची कटकट नाही, खर्च निम्मा. भाऊंची धाकटी बहीण इंदू जामनेरच्या रघुनाथ पाटलाला दिली, आणि रघुनाथची बहीण सुमन इकडे धुळ्याला भाऊंच्या घरात आली. ऐकायला फार सोपं वाटतं. पण साट्यालोट्यात एकीच्या चुलीत ओलं लाकूड गेलं की दुसरीच्या डोळ्यांत धूर जातो. तिकडे रघुनाथ इंदूवर चिडला की पहिलं वाक्य हेच, "तुझ्या भावाला सांग, तुला घेऊन जाईल आणि आमची सुमन पाठवून देईल." हे निरोप जामनेरहून येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या तोंडून धुळ्याला पोचायचे. सुमनची काही चूक नाही, भाऊंचं तिच्यावर जिवापाड प्रेम, पण तिचा संसार टिकणार की मोडणार हे इंदू जामनेरात किती सोसते त्यावर. आणि इंदूला मूल होत नव्हतं. इकडे सोनी झाली, पेढे वाटले, तेव्हा सुमन मला हळूच म्हणाली, "बाई, मला पोर झालं याचा आनंद करू की भ्या धरू, तेच समजत नाही."

सोनी व्हायच्या आधीच्या भाऊबीजेला इंदू आली होती. मी तिला नीट पाहिलं ते तेव्हाच. गोरी, लहान चणीची, बोलणं कमी. भावानं कौतुकानं कार्डांचा सगळा अल्बम तिच्यापुढे मांडला. हा कोण, तो कोण, याची पाठ बघ, त्याचा कोपरा बघ. ती प्रत्येक पानाला "छान शे, भाऊ" म्हणत होती. भाऊ म्हणाले, "भिंतीला टेक ना, अवघडशील." तर म्हणाली, "नको. अशीच बरी." सबंध दुपार ती पाठ ताठ ठेवून बसली. भाऊंनी पुन्हा विचारलं नाही. मला त्यांचा राग येतो तो इथं. कार्डाची पाठ भिंगातून बघणाऱ्या या माणसानं बहिणीला 'का गं, काय होतंय?' एवढंही विचारलं नाही. विचारलं असतं आणि तिनं सांगितलं असतं तर? मग काहीतरी करावं लागलं असतं. आणि केलं असतं तर सुमन गेली असती. म्हणून त्यांनी पुढचं पान उलटलं. भला माणूस होता, पण भ्याड होता, आणि हे मी त्यांच्या तोंडावरही म्हटलंय.

उन्हाळ्यात शाळा सकाळची असते. मी दुपारी घरी होते. पोस्टमन एक पोस्टकार्ड टाकून गेला. भाऊ ऑफिसात. सुमन अंगणात बाजेवर शेवया वाळत घालत होती, अक्का पाळण्याची दोरी ओढत होत्या. आणि नाना! दुसऱ्याचं पोस्टकार्ड मोठ्यानं वाचणं हा नानांचा हक्कच होता. तलाठीपणात लोकांचे उतारे वाचून काढायची सवय लागलेली. त्यांनी चष्मा लावला आणि साऱ्या अंगणाला ऐकू जाईल असं वाचलं:

"रा. रा. भास्करराव यांस. आपले परत पाठवीत आहे. पाठीवर डाग आहे. ही गोष्ट आपण आधीच कळवायला हवी होती. आम्हास असले चालणार नाही. तरी आमचे आम्हास तातडीने पाठवून द्यावे. यापुढे आपला व्यवहार बंद. कळावे. र. पाटील."

र. पाटील! आमच्या खानदेशात दगड भिरकावला तर पाटलालाच लागेल, आणि अर्ध्यांचं नाव 'र'नंच सुरू होत असेल. पण त्या अंगणात त्या घडीला एकच र. पाटील होता. सुमनच्या हातातल्या शेवया खाली पडल्या. नाना म्हणाले, "अरेरे, पोरीला परत धाडली वाटतं." आणि अक्कांनी पाळण्याची दोरी सोडून कपाळावर हात मारून घेतला.

"माय वं! डाग शे म्हनतस! त्यास्नीच दिधा डाग मनी पोरले, आन् वरतून आम्हलेच इचारतस!"

बोलून गेल्या आणि मग पदर तोंडाशी धरला. पण सुटलेला शब्द थोडाच परत घेता येतो. सुमन त्यांच्यापुढे जाऊन बसली. "अक्का, कसला डाग?" अक्का मान हलवत राहिल्या, "माले शपथ घालेल व्हती तिनी, माले शपथ घालेल व्हती." मग हळूहळू सगळं बाहेर आलं. इंदूला मूल होत नाही म्हणून तिच्या सासूनं, म्हणजे सुमनच्या सख्ख्या आईनं, कुणा वैदूला घरी आणून तापल्या सळईनं तिच्या पाठीवर डाग दिले होते. एकदा नाही. गुण येईना म्हणून पुन्हा. भाऊबीजेला आंघोळीच्या वेळी अक्कांनी ते पाहिलं आणि इंदूनं त्यांना शपथ घातली: भाऊला कळू द्यायचं नाही, तो मला ठेवून घेईल आणि वहिनीला जावं लागेल, तिच्या पोटात पोर आहे.

मी तिथेच उभी होते. सुमन रडली नाही. उठली, मातीत पडलेल्या शेवया उचलल्या आणि म्हशीच्या टोपल्यात टाकल्या.

संध्याकाळी भाऊ आले. अंगणात सगळी गल्ली गोळा. नानांनी खिशातून ते कार्ड काढून गंभीरपणे त्यांच्या हातात दिलं. भाऊंनी वाचलं, उलटून शिक्का बघितला आणि हसायला लागले. डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. "अहो नाना, हा सांगलीचा पाटील! रमाकांत पाटील! त्याला मी विकेटकीपर पाठवला होता, त्याच्या पाठीवर चुइंगमचा डाग पडलेला असणार. दिधं ते दिधं म्हणून सांगूनही पठ्ठ्या परत पाठवतोय बघा..." आणि मग त्यांच्या लक्षात आलं की कुणीच हसत नाहीये. त्यांनी सुमनकडे पाहिलं. सुमन म्हणाली, "कार्ड सांगलीचं असेल. डाग जामनेरचा आहे."

अक्कांनी पुन्हा सगळं सांगितलं. भाऊ ऐकत होते. हसताना आलेलं पाणी तसंच गालावर होतं.

दुसऱ्या दिवशी नवराबायको सकाळच्या एसटीनं निघाले. उन्हाचा तडाखा म्हणून सुमननं सोनीला पाजून अक्कांच्या मांडीवर ठेवलं. "उद्या येते," म्हणाली. मला म्हणाली, "बाई, जरा लक्ष ठेवा." मी म्हटलं, "निर्धास्त जा."

जामनेरात काय झालं ते भाऊंनीच मला नंतर सांगितलं. सुमन चपलाही न काढता थेट मागच्या खोलीत गेली, इंदूला बाहेर आणलं, तिच्या पोलक्याची मागची बाजू उचलली आणि आपल्या आईला म्हणाली, "हे तू केलंस?" आई म्हणाली, तिच्या भल्यासाठीच केलं, आमच्या घराला वारस नको का? सुमन म्हणाली, "मी हिला घेऊन चालले." तेव्हा रघुनाथ दारात आडवा उभा राहिला. भावकीतली चार माणसं आली. आबा, तात्या, कोण कोण. चहा झाला. आणि साट्यालोट्याचा जो न्याय असतो तो झाला. रघुनाथ म्हणाला, "तुमचं माणूस घेऊन जा. आमचं माणूस इथं ठेवा."

"शब्दाला शब्द, बाई," भाऊ मला म्हणाले. "कार्डावर होतं तेच बोलला तो. ते कार्ड सांगलीहून आलं होतं, मी शिक्का पाहिला होता. तरी तेच झालं."

"मग तुम्ही काय बोललात?"

"मी काहीच बोललो नाही. सुमन बोलली. राहते म्हणाली."

एवढंच. ठरलं ते असं: सुमन जोवर जामनेरात आहे तोवर इंदूला न्यायला कोणी येणार नाही. सुमन धुळ्याला आली तर इंदू जामनेरला. सुमननं चार माणसांपुढे शब्द दिला आणि इंदूच्या अंगावर आपली चादर टाकून तिला एसटीत बसवलं. भाऊ दोघींपैकी एकीला घेऊन परत आले. दारात सोनी भुकेनं रडत होती. इंदूनं तिला उचललं, आणि मग तिला खाली ठेवलंच नाही.

मी भाऊंवर फार चिडले. म्हटलं, कोर्टात जा, पोलिसांत जा, सळईनं भाजणं हा गुन्हा आहे, कुठल्या जमान्यात राहता तुम्ही? त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "पोलिसांत गेलो तर सुमनची आई आत जाईल. ते सुमनला नको. इंदूला उभी राहून सांगायला लाज वाटते. आणि बाई, तिथं सुमनला कोणी डाग देणार नाही. ती त्यांची आहे. इंदू परत गेली तर मरेल."

सांगलीच्या पाटलाचं कार्ड भाऊंनी परत पाठवलं. त्यासोबत विलायतेतल्या म्हाताऱ्याकडून आलेली दोन्ही कार्डं पाठवली, अल्बममधली सगळ्यात भारी. पाटील चक्रावला. त्याचं लगोलग पत्र आलं, माफ करा, मी रागात लिहिलं, बदल्यात काय पाठवू ते कळवा. भाऊंनी कळवलं, काही नको. मी विचारलं, "हे कशापायी?" तर म्हणाले, "त्यानं पाठ पाहिली, बाई. मी नव्हती पाहिली." त्यानंतर ते कधी टपरीवर थांबले नाहीत. पोरांनी काही दिवस त्यांच्या मागे चुइंगमसाठी तगादा लावला, मग तीही विसरली. एक्स-रेचे उरलेले तुकडे नानांनी ग्रहण बघायला नेले.

लोकांनी गप्प थोडंच बसायचं? सणाला कोणी ना कोणी येऊन सांगायचं, किती दिवस असं, बहिणीला नांदायला धाडा, बायकोला आणा, इंदूला काय, सवय होईल. भाऊ पाणी द्यायचे, चहा द्यायचे, आणि माणूस बोलायचं थांबेपर्यंत खाली मान घालून बसायचे. 'हो' मात्र म्हटलं नाही. इतका मऊ माणूस, पण त्या एका गोष्टीवर हलला नाही. अक्का त्या हायीनंच गेल्या. सुमनला मातीला येऊ दिलं नाही.

पुढे माझी बदली जळगावला झाली. भाऊंची गाठ पडेना. कधी धुळ्याचं कोणी भेटलं की चौकशी करायची, आणि तेच उत्तर यायचं, आहे तसंच आहे.

एकदा भुसावळला बहिणीकडे जायला निघाले होते. जळगावच्या स्टँडवर उभी होते. समोरच्या बाकावर भाऊ बसलेले दिसले. मिशा पांढऱ्या होऊ लागलेल्या. शेजारी सुमन, वाळलेली, हातात डोळ्यांच्या दवाखान्याची पिशवी. दोघांच्या मध्ये फ्रॉकातली सोनी केळं खात होती. मी हाक मारणार होते, पण मागेच थांबले. जामनेर आणि धुळे यांच्या मध्ये जळगाव पडतं. वर्षातून कधी दोनदा, कधी तीनदा दवाखान्याचं निमित्त करून सुमनला इथवर यायला मिळत होतं, हे मला मागाहून कळलं. भाऊ पोरीला घेऊन यायचे. घरच्यासारखं बसायला त्या नवराबायकोला जगात तेवढा एक बाक होता.

सुमन पोरीच्या वेण्या सोडून पुन्हा घालत होती. सोनी कंटाळली होती, बाकावरून पाय आपटत होती. फलाटाला बस लागली, कंडक्टर "जामनेर, जामनेर" ओरडू लागला. पोरगी लगेच म्हणाली, "काकू, तुझी बस आली." आणि बापाला ओढायला लागली, "चला ना, आई वाट पाहत असेल."

सुमननं वेणीची रिबिन बांधून पुरी केली. "हो गं बाळा," म्हणाली, "जा लवकर. आई वाट पाहते." पिशवी घेतली आणि बसमध्ये चढली. खिडकी तिला मिळाली की नाही, मला दिसलं नाही.

बस हलली तसे भाऊ एकदम उठले. त्यांनी सोनीला उचललं, दोन्ही हातांनी तिचं तोंड त्या बसकडे फिरवलं आणि मोठ्यानं, साऱ्या स्टँडला ऐकू जाईल असं म्हणाले, "ती आई शे तुनी, सोनी! ती तुनी आई शे! हात हालव!" त्यांचा असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. माणसं वळून पाहू लागली.

पोरीनं हात हलवला. बापाचं ऐकणारी गुणाची पोर होती. जामनेरच्या बसला हलवला, तिच्या मागोमाग निघालेल्या पाचोऱ्याच्या बसलाही हलवला, आणि त्यानंतर आलेल्या एका रिकाम्या बसलाही.